आठवा बल्ब

कुजबुज अशी होती, की तराजू रोज दुपारी एक ते तीन दुकान बंद करून एका बाईकडे जातो.

‘बाईकडे’ हा शब्द सांगणारा इतक्या खालच्या पट्टीत म्हणायचा, की ऐकणाऱ्याला खुर्ची पुढे ओढावी लागायची, आणि एकदा खुर्ची ओढली की पुढचं ऐकल्याशिवाय कोण उठतंय! तपशील तर भक्कम होते. तराजूच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड असतं. दार उघडणाऱ्या बाईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा असतो. तो आत गेला की भर दुपारी पडदे ओढले जातात. पडद्याच्या फटीतून डोळे दिपवणारा उजेड येतो. दोन तासांनी तो बाहेर पडतो तेव्हा घामाने निथळत असतो आणि स्वतःशीच पुटपुटत असतो, “सात झाले. आठवा झाला असता तर काय बिघडलं असतं?” आणि शेवटचं, जे ऐकून भलीभली माणसं चहाचा कप खाली ठेवायची: बायकोला त्याच्या शर्टाच्या खिशात केसांची पिन सापडली.

बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. हा भाग बहुतेक जण गाळायचे. तो घातला की गोष्ट बेचव व्हायची.

तराजू हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. वय सत्तावन्न, पोट सुटलेलं, चष्मा कपाळावर. व्यापारी संकुलाच्या पहिल्या मजल्यावर, दातांच्या दवाखान्याला लागून त्याचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान. दुकान इतकं चिंचोळं, की दोन गिऱ्हाइकं आली तर वळण्यासाठी एकाला बाहेर जावं लागे. आयुष्यात एकही कॉम्प्युटर गेम न खेळलेल्या या माणसाकडे गेम खेळणारी पोरं लांबून यायची, ती पॉवर सप्लायसाठी.

पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात तळाशी बसवलेला लोखंडी डबा. भिंतीतली वीज घ्यायची आणि ज्याला जेवढी हवी तेवढी वाढायची, एवढंच त्याचं काम. खेळायच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांची नजर पडद्यावर चित्रं उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर असते, कारण ते झगमगतं. या डब्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. घरातल्या एखाद्या मुकाट राबणाऱ्या मोठ्या सुनेसारखं त्याचं असतं. ती आजारी पडली की मग सगळ्यांना कळतं घर कोण चालवत होतं.

पोरं येऊन म्हणायची, “काका, साडेसातशे वॉटचा द्या.” तराजू वॉटबिट ऐकायचाच नाही. तो काउंटरखालून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढायचा, तीन डबे एकेक करून त्यावर ठेवायचा, ओठ मुडपायचा आणि सगळ्यांत जड असेल तो पुढे सरकवायचा.

“हा घे.”

“पण काका, हा किती वॉटचा?”

“दोन किलोचा.”

हे त्याचं शास्त्र रेडिओच्या जमान्यातलं. तेव्हा तो दुरुस्तीच्या दुकानात शिकायला होता आणि तिथल्या उस्तादाने त्याच्या तळहातावर दोन ट्रान्सफॉर्मर ठेवून विचारलं होतं, “यातला खरा कोणता?” जड तो खरा, कारण आत तांब्याची तार भरपूर. तराजूने हे वाक्य गाठीला बांधलं आणि पुढे रेडिओ गेले, टीव्ही गेले, तांबंही बरंचसं गेलं, तरी गाठ काही सुटली नाही. आणि गंमत म्हणजे शास्त्र चाललं! दुकानावर पाटी होती, लाल अक्षरांत: ‘बावीस वर्षांत एकही परत नाही.’ दर एक जानेवारीला तो स्वतः स्टुलावर चढून आकडा बदलायचा. बायको स्टूल धरायची.

समोर, बरोबर अकरा पावलांवर, दुसरं दुकान. त्या दुकानदाराला सगळे ‘वॉरंटी’ म्हणत. कारण काहीही विचारा, “वस्तू चांगली आहे का?”, “आवाज करते का?”, “तुमची तब्येत कशी आहे?”, तो म्हणायचा, “वॉरंटी आहे ना!” तराजू आणि वॉरंटी गेली चौदा वर्षं एकमेकांकडे रोज बघून हसत आणि रोज एकमेकांची गिऱ्हाइकं मोजत.

तर या तराजूला एक भाची. वय तेवीस, विमा कंपनीच्या ऑफिसात दिवसभर लोकांना अर्ज कुठे भरायचा ते सांगायची, आणि घरी आली की स्टिअरिंग हातात घेऊन कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळायची. खेळायची म्हणजे फावल्या वेळात नव्हे. तिच्या आईच्या, म्हणजे तराजूच्या बहिणीच्या मते पोरगी वाया गेली होती. प्रत्यक्षात मात्र एका शर्यतीच्या संघासाठी शेवटच्या वीस जणांत तिची निवड झाली होती. येत्या रविवारी दुपारी चारला निवडीची शर्यत. पहिले आठ संघात जाणार, पगारावर. जो मधेच बाद होईल तो बाद. कारण काहीही असो, दुसरी संधी नाही.

कॉम्प्युटर दोन आठवड्यांपूर्वीच तिने स्वतः जोडला होता. कार्ड, पंखे, सगळं तिने निवडलं. पॉवर सप्लाय मात्र मामाकडून घ्यायचा, हे घरात ठरूनच गेलेलं.

“मामा, मला अमुक एक हवाय,” असं म्हणत तिने मोबाईलवर फोटो दाखवला होता.

तराजूने फोटोखालचं वजन वाचलं. “एक किलो सहाशे? अगं, हा तर फुगा आहे.”

“मामा, पण याची सगळीकडे तारीफ आहे.”

“तारीफ हलकीच असते,” मामा म्हणाला आणि काट्यावर दोन किलो एकशेचाळीस भरलेला डबा तिच्या हातात ठेवला. डब्यावर मोठ्या सोनेरी आकड्यांत ७५० लिहिलं होतं. ते दोघांनाही चाललं.

सोमवारी भाची दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

“मामा, कॉम्प्युटर बंद पडतो.”

“कधी?”

“पाऊस सुरू झाला की.”

तराजूने बाहेर पाहिलं. लख्ख ऊन होतं.

“गेममधला पाऊस, मामा! वीस गाड्या, ओला रस्ता, उडणारं पाणी. कार्डावर ताण आला की खट्. सगळं काळं.”

“मग पाऊस नसलेला रस्ता घे.”

“रस्ता मी निवडत नाही. रविवारी पाऊस आहे, आधीच जाहीर केलंय.” ती थांबली. पाटीकडे न बघता म्हणाली, “पॉवर सप्लाय कमी पडत असेल का?”

दातांच्या दवाखान्यातली ड्रिल तेवढी चालू होती.

“दोन किलो एकशेचाळीस,” तराजू म्हणाला. “तो कसा कमी पडेल?”

तरी संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. त्याने आधी इंटरनेटला दोष दिला, मग पंख्यांना, मग गेम लिहिणाऱ्यांना. शेवटी कॉम्प्युटरच्या लोखंडी पेटीला हात लावला तर बोटांना मुंग्या आल्या. त्याचा चेहरा उजळला. कसली तरी ठेच लागून पैंजण सापडावं तसा तो ओरडला, “सापडलं! अर्थिंग!”

बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय सापडलं?”

“तुमच्या इमारतीला अर्थिंगच नाही! तिसरी तार नुसती शोभेला आहे. बिचारा पॉवर सप्लाय करणार काय?”

“बारा वर्षं फ्रिज चालतोय,” बहीण म्हणाली.

“फ्रिज गेम खेळत नाही, ताई.”

म्हणजे आता एकच करायचं राहिलं: चांगलं अर्थिंग असलेल्या घरात पॉवर सप्लाय निर्दोष आहे हे सिद्ध करायचं. तराजूच्या स्वतःच्या घराचं अर्थिंग बहिणीच्या घरासारखंच. दुकानात करावं तर अकरा पावलांवरून वॉरंटी बघणार. साऱ्या परिसरात बिनतोड अर्थिंग एकाच घराला होतं, गणिताच्या बाईंच्या. बाईंचे यजमान वीज खात्यात होते. त्यांनी निवृत्त झाल्यावर परसात आठ फूट खोल तांब्याची सळई स्वतः ठोकली होती आणि मरेपर्यंत दर महिन्याला तिला पाणी घातलं होतं. ते गेल्यावर बाई घालायच्या. त्यांचा समज असा होता की ते एक प्रकारचं झाड आहे आणि कधीतरी उगवेल.

बाईंनी तराजूला दहावीला गणित शिकवलं होतं. पस्तीस गुण देऊन पास केलं होतं, त्यातले चार दयेचे.

मंगळवारी एक वाजता तो कापडात गुंडाळलेला डबा आणि पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. पिशवीत मोटारीच्या हेडलाइटचे आठ बल्ब होते, पंचावन्न वॉटचे. ते त्याने गॅरेजवाल्याकडून मागून आणले होते. “गाडी घेतली का?” या गॅरेजवाल्याच्या प्रश्नाला त्याने “नाही” एवढंच उत्तर दिलं होतं, आणि कुजबुजीला लागणारं पहिलं खत इथेच पडलं.

बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. म्हणून काळा चष्मा.

“कोण रे? तू? पेपर तपासून झालेत. आता काही होणार नाही.”

“बाई, तुमच्याकडे एक प्रयोग करायचा होता.”

“घर पेटेल का?”

“नाही.”

“मग ये. पण बोलत राहा, मला नीट दिसत नाही.”

त्याने आधी पडदे ओढले. कारण समोरच्या गॅलरीत वॉरंटीची मेहुणी वाळत घातलेले कपडे तिसऱ्यांदा वाळत घालत होती. मग जेवणाच्या टेबलावर एका लाकडी फळीला बल्ब लावले. पॉवर सप्लाय कॉम्प्युटरबाहेर चालू करायचा तर त्याची हिरवी तार काळ्या तारेला जोडावी लागते. त्यासाठी एखादी छोटी तार हवी, तीच तो विसरला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग संकोचून म्हणाला, “बाई, तुमच्या अंबाड्यातली एक पिन मिळेल का?”

बाईंनी काही न विचारता पिन काढून दिली. शिक्षकी पेशात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला कशाचंच आश्चर्य वाटत नाही.

एक बल्ब लागला. दोन लागले. पाच. सहा. खोली विजेच्या दुकानासारखी उजळली आणि भट्टीसारखी तापली. तराजूच्या कपाळावरून घाम ओघळू लागला, पण चेहऱ्यावर बापाचं कौतुक होतं. सातवा लागला. त्याने आठवा जोडला, आणि खट्. सगळं काळं.

“संपला का प्रयोग?” बाई म्हणाल्या.

“बल्ब खराब दिसतोय.”

बुधवारी तो नवा बल्ब घेऊन आला. सात लागले, आठव्याला खट्. गुरुवारी त्याने तारा बदलल्या. सात, आणि खट्. मग दुकानातला त्याच बनावटीचा दुसरा डबा उचलून आणला. सात, खट्.

“बाई, तुमच्या घरी व्होल्टेज कमी येतं का हो?”

बाईंनी चष्मा सारखा केला. “दहावीतही तू असंच करायचास. उत्तर चुकलं की पेन बदलायचास. आण तो डबा इकडे. काय काय लिहिलंय त्यावर?”

“साडेसातशे.”

“मोठं नाही रे, बारीक अक्षरांतलं वाच. मोठ्या अक्षरांत लोक काय वाटेल ते लिहितात.”

डब्याच्या कुशीला एक तक्ता चिकटवलेला होता. तराजूने असे हजारो डबे विकले होते आणि तो तक्ता आजवर एकदाही वाचला नव्हता, कारण काट्यावर डबा त्याच बाजूवर आडवा पडायचा. त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. “तीन पॉइंट तीन व्होल्ट... पाच व्होल्ट... बारा व्होल्ट, छत्तीस अँपिअर.”

“तुझं कार्ड यातली कोणती वीज खातं?”

“बाराची. जवळजवळ सगळी बाराचीच.”

“बारा छत्तीस?”

तराजू तक्त्यावरून बोट फिरवत राहिला.

“व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. बारा छत्तीस किती, सांग.”

“चारशे... बत्तीस,” तराजू म्हणाला. त्याचा आवाज सोळा वर्षांच्या मुलाचा झाला होता.

“आणि तुझे आठ बल्ब?”

“पंचावन्न आठ्ठे... चारशे चाळीस.”

“बस खाली,” बाई म्हणाल्या. वर्गातही, योग्य उत्तर आल्यावर, त्या एवढंच म्हणत.

उरलेले तीनशे अठरा वॉट त्या दुसऱ्या दोन तारांच्या नावावर दाखवले होते, ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड ढुंकूनही बघत नाही. म्हणजे डब्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. मोठ्याने एक सांगितलं होतं आणि हळूच दुसरं. पण मग वजन? एवढं वजन होतं कशाचं? तराजूला रात्रभर झोप लागली नाही असं म्हणायची पद्धत आहे. तो व्यवस्थित झोपला, पण सकाळी उठल्या उठल्या पहिला विचार तोच आला.

त्याच सकाळी बायकोने शर्ट धुवायला घेतला आणि खिसे उलटे केले.

“अहो, ही पिन कुणाची?”

“बाईंची.”

“कुठल्या बाईंची?”

“गणिताच्या.”

बायकोने पिन खिडकीत ठेवली. मग थंडपणे म्हणाली, “मजल्यावरच्या सगळ्या बायका मला तीन दिवस जरा जास्तच प्रेमाने विचारतायत, बरी आहेस ना म्हणून. मी म्हटलं, मला काय झालंय? आता कळलं. काय करता तिथे?”

खरं सांगायचं म्हणजे पाटी खोटी झाली हे सांगायचं. स्टूल धरणाऱ्या बाईला ते कसं सांगणार? तो म्हणाला, “काही नाही. बल्ब लावतो.”

“तीन दिवस?”

“आठवा लागत नाही.”

बायकोने शर्ट बादलीत टाकला. “आणि माझा काटा? सात वर्षं झाली तो दुकानात नेऊन. तेवढा परत आणा, मग बाकी कुणाचे काय लावायचे ते लावा.”

शुक्रवारी त्याने बाईंच्या टेबलावर दुसऱ्या डब्याचे स्क्रू काढले. (बंद डबा असा उघडायचा नसतो; आतली वीज बराच वेळ दबा धरून असते. तो वीजजोड काढून रात्रभर थांबला होता.) झाकण निघालं. एका कोपऱ्यात, काळा रंग फासून, डिंकाने घट्ट चिकटवलेली एक वडी होती. त्याने ती स्क्रूड्रायव्हरने उचकटली. टेबलावर करडी भुकटी सांडली.

“हे काय?” बाईंनी बोटाने चाचपलं. “सिमेंट?”

तराजूने पिशवीतून बायकोचा काटा काढला आणि वडी त्यावर ठेवली. चारशे दहा ग्रॅम.

कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी बसून विचार केला होता, की जगात असे लोक आहेत जे डबा हातात तोलून घेतात, आणि त्यांच्यासाठी खास सोय केली होती. म्हणजे तराजू एकटा नव्हता. हे त्याला कळलं, पण त्यामुळे बरं काही वाटलं नाही.

“बाई, बावीस वर्षं...”

“आठवा बल्ब लागेल असा डबा कुठे मिळतो?” बाई म्हणाल्या.

हा खरा प्रश्न होता. भाचीने फोटोत दाखवला होता तो डबा शनिवारी संध्याकाळपर्यंत तराजूने पाच व्यापाऱ्यांकडे विचारला. सगळे म्हणाले, मंगळवारी. रविवारच्या आत तो एकाच ठिकाणी होता: अकरा पावलांवर, वॉरंटीच्या काचेच्या कपाटात, दर्शनी भागात.

रविवारी सकाळी साडेदहाला तराजूने दुकानाचं शटर अर्धं उघडलं, पुन्हा बंद केलं आणि मधला बोळ ओलांडला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. दवाखान्यातल्या बाकावर गाल धरून बसलेले दोन रुग्ण दुखणं विसरून बघायला लागले.

“या या, तराजूराव!” वॉरंटी उभाच राहिला. “काटा नाही आणलात?”

“तो डबा दाखवा. उजवीकडचा.”

वॉरंटीने डबा दिला. तराजूने तो तोलला नाही. चष्मा खाली घेतला, डबा कुशीवर वळवला आणि बारीक अक्षरं वाचली. बारा व्होल्ट, बासष्ट अँपिअर. त्याने पाठीमागे हात घेऊन बोटांवर गुणाकार केला. सातशे चव्वेचाळीस.

“बांधून द्या.”

“कुणासाठी म्हणायचा?”

“भाचीसाठी.”

“पण तिला तर तुम्हीच...” वॉरंटीचे डोळे बारीक झाले. “काय झालं तुमच्याचं?”

इथे तराजू सांगू शकला असता की तो चांगला चाललाय, हा जादाचा हवाय. ते वाक्य त्याने शनिवारी आंघोळ करताना तयारही केलं होतं. पण भाची चार वाजता पावसात जाणार होती, आणि त्याच्या डोक्यात दुसरं काही टिकत नव्हतं.

“आत सिमेंट निघालं,” तो म्हणाला. “चारशे दहा ग्रॅम. मी फसलो.”

वॉरंटी हसायच्या तयारीत होता. तोंडही उघडलं होतं. मग ते त्याने हळूच मिटलं आणि कपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्याकडे पाहिलं. “ते सोनेरी आकड्यांचे का? माझ्याकडेही चार आहेत त्यातले.” जरा घुटमळून म्हणाला, “तुमचा काटा... दुपारी मिळेल?”

“तो बायकोचा आहे. तिला विचारा.”

शर्यत बाईंच्या घरून लावायची ठरली. परदेशातल्या मुलाशी बोलायला त्यांच्याकडे इंटरनेट होतं आणि परसात ती सळई होती. दोन वाजता तराजू, भाची, दोन पेट्या आणि एक स्टिअरिंग असे सगळे आत गेले. पडदे ओढले. वॉरंटीच्या मेहुणीने तेवढ्यात चार फोन केले. आधी आठ बल्ब लावून पाहिले. आठही लागले. तराजूने आणखी चार मागवून ठेवले होते, तेही लागले. मग डबा कॉम्प्युटरमध्ये बसवला.

पावणेचारला दार वाजलं. बायको होती.

“माझा काटा न्यायला आलेय,” ती म्हणाली आणि आत डोकावली. टेबलावर बारा बल्ब, एक सिमेंटची वडी, काळा चष्मा लावून बसलेल्या बाई, स्टिअरिंग धरलेली भाची. तिने सगळं शांतपणे पाहून घेतलं. “मामी, आत ये, दार लाव,” भाची मान न वळवता म्हणाली. मामीने दार लावलं आणि खुर्ची ओढून बसली.

शर्यत सुरू झाली. सहाव्या फेरीला पडद्यावर ढग आले. भाचीने ओठ चावला. सातव्याला पाऊस सुरू झाला, वीस गाड्यांमागे पाण्याचे फवारे उडाले. बाई म्हणाल्या, “मला कुणीतरी सांगत राहा रे.” कुणीच सांगत नव्हतं. तराजू पडद्याकडे बघतच नव्हता. तो टेबलाखाली उकिडवा बसून पॉवर सप्लायच्या पंख्याकडे बघत होता. पंख्याचा आवाज वाढला. आवाज आणखी वाढला, मग तसाच राहिला. एकोणीस मिनिटं तो तसाच राहिला.

भाची सातवी आली.

तराजूला उठता येईना. पायांना मुंग्या आल्या होत्या. या वेळी अर्थिंगचा दोष नव्हता. बायकोने हात देऊन उठवलं.

“पाटीचं काय करणार?” ती म्हणाली.

“उद्या स्टूल धरशील?”

सोमवारी पाटी बदलली: ‘बावीस वर्षांत एक परत.’ आठ दिवसांनी, त्या बनावटीची आणखी गिऱ्हाइकं शोधून आणल्यावर, ‘एक’चा ‘सात’ झाला. गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत. आता तो डबा कुशीवर वळवून पोरांना विचारतो, “बारा बासष्ट किती?” आणि उत्तर आल्यावर म्हणतो, “बस खाली.” बसायला दुकानात जागा नसते.

कुजबुज अजूनही आहे, थोडी पिकलेली. हल्ली त्यात भाचीही असते, आणि बायको स्वतः दार लावून आत बसली होती हेही असतं. खरं एवढंच, की बाईंच्या घराला अर्थिंग होतं, हिरवी तार काळ्या तारेला जोडायला पिन लागते, आणि सात बल्बांनी खोली फार तापते.